तिचा मका, माझा फणस

पोळा नुकताच होऊन गेल्ता अन् मळ्यातला मका दुधावर आल्ता. त्या संध्याकाळी मी कणसं मोडून आणली, तिनं चूल पेटवली, अन् आम्ही दोघं नवरा-बायको चुलीपुढं बसलो. यात सांगण्यासारखं काही न्हाई. दर साली हेच चालायचं. ती निखाऱ्यावर कणीस उघड्या बोटांनी फिरवायची, चिमटा तिला कधी लागला न्हाई. दाणा तडतडला की कान द्यायची, मंग कणीस नाकाशी न्यायची अन् झालं का न्हाई ते वासावरून ठरवायची. माझे पुढचे दात पडले तसं ती दाणे विळीवर उतरवून, मीठ-लिंबू चोळून ताटलीत द्यायला लागली. त्या दिवशी मी म्हणालो, "जरा कच्चं राह्यलं गं." ती म्हणाली, "दात न्हाईत त्याला कच्चं-पक्कं काय कळतंय? गुमान खा." माझ्यानं सगळे संपले न्हाईत. राहिलेले दाणे तिनं ताटलीत गोळा केले, वर दुसरी ताटली पालथी घातली अन् सकाळी चहासंगं खा म्हणाली. तिनं स्वतः एक दाणा तोंडात टाकला न्हाई. त्यातही नवं काही नव्हतं... मका खाऊन तिला तिसाच्या वर वर्षं झाली होती.

सकाळी उठून तिनं अंगण झाडलं, सडा टाकला, अन् ओसरीच्या खांबाला टेकून बसली. मी गोठ्यात धार काढून राह्यल्तो. तिथूनच म्हणालो, चहा ठेव की. पुन्हा एकदा म्हणालो. कामाच्या येळेला तिला बसलेली मी जन्मात पाहिली नव्हती, तवाच मला कळायला पाहिजे होतं. डॉक्टर आला, म्हणाला हृदय बंद पडलं, बिलकुल त्रास झाला नसंल. ते बरं झालं. आता महिना होऊन गेलाय. भेटायला येणारे म्हणतात, पुण्यवान बाई, चालता-बोलता गेली. मला त्या पाप-पुण्यातलं कळत न्हाई, मी चौथीपर्यंत शाळा पाहिलेला माणूस. पण माझ्यासारख्या फटकळ माणसासंगं ती एवढी वर्षं राह्यली, हसत राह्यली, हे मला कळतं. म्हणून रडगाणं लिहायला बसलो न्हाई. तिनं मका का सोडला अन् त्याच्यापायी पार मेक्सिको देशात काय घडलं, ते सांगायला बसलोय. तिचं नाव सुभद्रा. मी नावानं हाक कधी मारली न्हाई, आमचा सगळा संसार 'अगं ए' वर झाला.

आमचे वडील वारले तवा त्यांच्या अस्थी घेऊन आम्ही काशीला गेल्तो. एक्क्याऐंशीच्या पुढं-मागंची गोष्ट. भोकरदनहून यात्रेची बस निघाली होती. आमचा गोपाळ तवा अंगावर पिणारा, तिच्या मांडीवर. त्याच्या आधीची दोन लेकरं आमच्या हाती लागली न्हाईत, अन् हाही पोरगा असा की जरा वारं लागलं की ताप. घरचे म्हणाले, पोराला ठिवून जा. ती म्हणाली, जाईन तर त्याला घेऊन, न्हाई तर तुम्ही एकले जा. काशीला गेलं की एक आवडीची वस्तू गंगेवर सोडून यायची, ती पुन्हा जन्मभर तोंडात घालायची न्हाई, हा रिवाज आमच्याकडं लहान-थोरांना ठाऊक हाये. बसमध्ये जाफराबादकडचा एक म्हातारा होता, काशी करून आलेला. त्यानं वाटेतच आम्हा गड्यांना शहाणं केलं, फणस सोडा म्हणाला. आपल्या मुलखात फणस पिकत न्हाई, बाजारात येत न्हाई, सोडला काय अन् धरला काय. आम्ही बराबर ऐकलं. घाटावर पंडा एकेकाच्या ओंजळीत पाणी देऊन विचारायचा, अन् हा म्हणे फणस, तो म्हणे फणस. मी बी फणसच म्हणालो. मी तर फणस नुसता चित्रात पाहिलेला. पंडा हसायला लागला. म्हणाला, "तुम दक्खनवाले सब कटहल ही छोड़ते हो. गंगा मैया का पेट भर गया कटहल से." मंग तिची पाळी आली. पोरगं कडेवर, मोकळ्या हाताच्या चुळक्यात पाणी. तिनं डोळे मिटले अन् म्हणाली, "मका."

मी चरकलोच. ज्या बाईनं माहेरी बांधावर उभं राहून कोवळी कणसं कच्ची खाल्ली, जिला डोहाळे बी मक्याचेच लागले, तिनं मका सोडावा... बसमध्ये बसल्यावर मी म्हणालो, "तुला कारलं न्हाई सुचलं?" ती म्हणाली, "आवडतं तेच सोडायचं असतंय. गंगा काय येडी हाय का?" त्याच्या पुढं ती काही बोलली न्हाई, अन् मी विचारलं न्हाई.

फणस मला कधी आडवा आला न्हाई. तिला मका रोज आडवा यायला लागला. तवा आमच्याकडं मका बांधाला एक-दोन ओळी टाकत. मंग विहिरीला पाणी लागलं तसा तो बांधावरून वावरात आला, अन् पुढं पुढं निम्मा मळा मक्याचाच झाला. ती खुरपायची, मोडायची, सोलायची, भाजून सगळ्यांना द्यायची. गोपाळ शाळेतून आला की चुलीपाशी बसून कणीस खायचा अन् म्हणायचा, माय, तू खा की. ती सांगायची, दाण्याचं फोल माझ्या दातात अडकतं बाबा. पोराला ते खरंच वाटलं. मी एकदा म्हणालो, त्याला सांगत का न्हाईस? तर म्हणाली, सोडल्याचा डांगोरा पिटायचा नसतो. आता बघा, हाच पोरगा, ज्याला वारं लागलं तरी ताप यायचा, तो चांगला धट्टाकट्टा निघाला. औरंगाबादला शिकला, पुण्याला नोकरीला लागला, पुण्याच्याच रेखाशी लग्न झालं, अन् कंपनीनं त्याला उचलून मेक्सिकोत धाडलं.

तिथून त्याचा फोन आला की तुम्ही दोघं या, मी गाडी घेतलीय, आपण चौघं फिरू. पडके जुने वाडे-देवळं दाखवतो, समुद्र दाखवतो. मायनं समुद्र कुठं पाहिलाय? अन् वरून म्हणाला, "माय, खाण्यापिण्याची काळजीच करू नको. इथं सगळं मक्याचंच हाये. तुझे हाल बिलकुल होणार न्हाईत." ती फोनवर म्हणाली, बरं झालं बाबा. फोन ठेवला अन् माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, आताच सांगून टाक. ती म्हणाली, "एवढ्या हौसेनं बोलावून राह्यलाय. त्याच्या हौसेत खडा कशाला टाकू? अन् तुम्ही बी गप ऱ्हायचं." मी कबूल झालो. तांदूळ असतील, डाळ असंल, चार दिवस निघतील, असं आम्हाला वाटलं.

गोपाळच्या घरी अडचण आली न्हाई. रेखा गव्हाच्या पोळ्या करायची, ही भाजी करायची. अडचण आली गाडी बाहेर निघाल्यावर. पुढं गोपाळ अन् रेखा, मागं आम्ही. दोन्ही बाजूंना निळसर घायपाताची शेतं. आपल्याकडं घायपात बांधाला लावतात जनावरं आत शिरू न्हाई म्हणून, तिथं डोंगराच्या पायथ्यापर्यंत त्याचंच पीक. गोपाळ म्हणाला, ह्याची दारू करतात. ती म्हणाली, काट्याची दारू पितेत, चांगलीच लागत असंल. असं हसत-खेळत आम्ही जेवायला थांबलो, अन् बसलो न बसलो तर मागितल्याशिवाय टोपलीभर मक्याचे तळलेले तुकडे पुढं आले. मंग मक्याच्या लहान-लहान भाकऱ्या फडक्यात गुंडाळून आल्या. मंग मक्याच्या पानात गुंडाळून उकडलेलं काही आलं, त्याच्या आत बी मकाच. पेलाभर गरम पेय आलं, तिनं नाकाशी नेलं अन् हळूच खाली ठेवलं. शेवटी तिनं टमाट्यात शिजवलेला भात अन् काळ्या घेवड्याची उसळ खाल्ली. निवडुंगाची भाजी बी खाल्ली, बरी हाय म्हणाली. पण भात थोडा, अन् ती भाकरीची बाई. संध्याकाळी दुसऱ्या गावात तेच. गोपाळ म्हणायचा, एक घास खाऊन तर बघ, आपल्यासारखंच हाये. ती म्हणायची, पोट भरलंय. रेखाचं तोंड उतरलं.

मुक्कामाच्या ठिकाणी गोपाळ मला बाहेर घेऊन आला. म्हणाला, "बापू, मायला रेखाचं काही लागलंय का? का माझं काही चुकलं? एवढ्या लांब आणलं अन् ती उपाशी फिरून राह्यली." माझ्या जिभेवर आल्तं. पण तिनं बजावलं होतं. मी म्हणालो, तुझ्या मायला इचार. तो काय विचारणार... तो लहानपणापासून तिला राग येऊ न्हाई म्हणून जपणारा पोरगा. रात्री जेवणाला तो बी दोन घास खाऊन उठला. ते तिच्या नजरेतून सुटलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी आम्ही जुनी पडझड बघायला गेलो. रस्त्याला लागूनच उघड्या माळावर दगडी जोती, खोल्यांच्या खुणा, अन् मधोमध एक गोल देऊळ, वर छप्पर न्हाई, भोवती दगडाची भिंत. देव कुठला तर तो बी आत न्हाई. आपल्या वेरूळसारखं कोरीव न्हाई, पण हजार वर्षांमागं कोणी तरी इथं राह्यलं, निजलं, भांडलं, हे जोत्यांवरून दिसायचं. एका छपराखाली त्या लोकांची भांडी-कुंडी मांडून ठेवली होती. तिथं एक दगडी पाटा होता, एका बाजूला उतरता. ती वाकून बराच येळ बघत राह्यली. म्हणाली, "पाटा तिरपा हाय, बायांचे हात कमी दुखत असतील." गोपाळ म्हणाला, ह्याच्यावर मका वाटायचे. इथले जुने लोक मक्याला देव मानायचे. ती थांबली, माझ्याकडं बघून म्हणाली, "म्हणजे मी देवच सोडला म्हणायचा." गोपाळला काही उमगलं न्हाई. मी हसू दाबलं.

फाटकाबाहेर एक म्हातारी शेगडीवर कणसं भाजत बसली होती. पांढऱ्या केसांच्या दोन वेण्या, कमरेला फडकं. शेजारी लिंबाच्या फोडी अन् लाल तिखटाची वाटी, भोकरदनच्या स्टँडवर असते तशीच. वास आला अन् आमची ही जागच्या जागी उभी राह्यली. मला तिच्या घशाखाली आवंढा गेलेला दिसला. म्हातारी बी उघड्या बोटांनीच कणीस फिरवत होती. तेवढ्यात ती दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळली अन् एक कणीस करपायला लागलं. हिला राहवलं न्हाई, वाकून तिनं ते फिरवलं, कान दिला, नाकाशी नेलं, पुन्हा ठेवलं. म्हातारीनं बघितलं अन् खळखळून हसली. त्यांच्या बोलीत काहीबाही म्हणाली, ही आपल्या बोलीत काहीबाही म्हणाली. बराबर चाललं दोघींचं. मंग म्हातारीनं तेच कणीस लिंबू-तिखट चोळून हिच्या हातात दिलं. हातात आलेल्या अन्नाला न्हाई कसं म्हणावं... गोपाळ मागं उभा होता, म्हणाला, "माय, आता तरी खा."

तिनं कणीस कपाळाला लावलं अन् त्याच्यापुढं धरलं. "घे. तू खा."

"तिनं तुला दिलंय, माय."

"व्हय. पण मी तुझ्यापायी सोडलाय. तू खाल्ला की मला पोचतो."

पोरगा माझ्याकडं बघायला लागला. मंग मीच काशीचं सांगितलं, घाट, पंडा, फणस, सगळं. पण का सोडला ते मला तरी कुठं माहीत होतं? ते तिनं तिथं सांगितलं, शेगडीपाशी, दगडाच्या कट्ट्यावर बसून. म्हणाली, "दोन गेल्ते. ह्याचं अंग बसमध्ये तव्यासारखं तापलेलं. मी गंगेला म्हणले, मका घे, हा ठेव." एवढंच. एवढं ती माझ्याशी बी कधी बोलली नव्हती. गोपाळनं उभ्या-उभ्या ते कणीस खाल्लं, एक दाणा ठेवला न्हाई. मंग तोंड पुसून म्हणाला, आता मी बाप्या गडी झालो, ताप न्हाई का काही न्हाई, आता तू परत धर, गंगा काही म्हणत न्हाई. ती म्हणाली, "तू हाईस की अजून. मंग कशी धरू?"

 गाडीत बसल्यावर रेखानं तिथल्या बोलीतलं 'मका नको' पाठ करून घेतलं, अन् पुढच्या प्रत्येक खाणावळीत आधी आत जाऊन तेच सांगायची. कुठून तरी गव्हाच्या पोळ्या बी हुडकून आणायची. त्या दिवसापासून सासू-सुनेचं असं जमलं की मला अन् गोपाळला गाडीत कोणी विचारीना.

समुद्राकडं उतरायला लागलो तशी हवा चिकट झाली, केळीची रानं लागली. एका वळणावर गोपाळनं जल्दीनं ब्रेक मारला. म्हणाला, बापू, बघा. रस्त्याच्या कडंला टपरीवर काटेरी, हिरवे-पिवळे, लहान पोराएवढाले फणस टांगलेले. मला आधी थट्टा वाटली. काशीच्या गंगेवर सोडलेला फणस त्या मुलखात कसा पोचला, देव जाणे. ती मागच्या सीटवर हसून हसून आडवी झाली, डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "खा आता. गंगेनं तुमच्यासाठी धाडून दिलाय." मी म्हणालो, मी बी सोडलाय, माझा नेम न्हाई का? गोपाळ अन् रेखानं पिशवीभर गरे घेतले, गाडी वासानं भरून गेली. वास असा गोड की मी डोकं खिडकीबाहेर काढून बसलो. ती म्हणाली, "कधी न खाल्लेलं सोडलं, अन् न खाल्लेलंच राह्यलं. तुमचा फणस काही कामाचा न्हाई, गोपाळचे बापू."  

समुद्रात ती लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून शिरली. ओंजळीत पाणी घेतलं, चाखलं अन् म्हणाली, मीठ जास्त पडलंय. मोठाले पक्षी आभाळातून पोतं पडावं तसे धपकन पाण्यात पडायचे अन् मासा घेऊन वर यायचे. ती वाळूत बसून त्यांनाच बघत राह्यली, दिवस बुडेपर्यंत. गोपाळ-रेखा लांबवर फिरत होते. माझ्याकडं न बघताच ती म्हणाली, "लई बघितलं आपण." मी म्हणालो, व्हय. त्यापरीस जास्त बोलायची आमची रीत न्हाई. पण आता वाटतं, ते बोलणं पुरं होतं.

दोन-तीन सालांनी गोपाळ पुण्याला परतला. मंग दर साली पोळ्यानंतर तो रेखाला घेऊन मळ्यात यायचा, चुलीपाशी बसायचा अन् दोन कणसं खायचा. पहिलं खाताना म्हणायचा, हे माझं. दुसरं खाताना म्हणायचा, हे तुझं. ती भाजून द्यायची अन् त्याच्या तोंडाकडं बघत राह्यची. तिच्यापेक्षा चवीनं मका खाणारा माणूस मी पाहिला न्हाई.

ह्या साली त्याला यायला उशीर झाला. ती गेली त्या दिवशी गोपाळ दिवस मावळता पोचला, तवर आम्ही थांबलो होतो. मातीला हात लागले अन् माणसं आपापल्या घरी गेली. दुसऱ्या दिवशी उजाडायला मी उठलो. चूल गार होती. भावकीतल्या बायांनी डबे आणून ठेवले होते, पण फळीवर तिनं ठेवलेली ताटली तशीच होती, वर दुसरी पालथी. उघडली. दाणे वाळून कडक झाले होते, लिंबाचा वास मात्र होता. माझ्यासाठीच ठेवले होते... सकाळी चहासंगं खा म्हणून. मी दोन दाणे हातात घेतले. मंग मनात आलं, पोरगा हाये की अजून, अन् त्याच्यापायी नेम धरणारी गेली.

ताटली घेऊन गोठ्यात गेलो, दाणे ताटलीसकट गायीपुढं ठेवले. तिनं एका फटक्यात चाटून टाकले. मंग विहिरीवर जाऊन आंघोळ केली, पूर्वेकडं तोंड केलं, ओंजळीत पाणी घेतलं, पंड्यानं शिकवलं होतं तसंच. मक्याचं नाव घेतलं, गोपाळचं नाव घेतलं, अन् पाणी सोडलं. ह्या खेपेला आवडीचीच वस्तू सोडली. वळून बघतो तर गोपाळ टॉवेल घेऊन उभा.

"बापू, काय करून राह्यलात?"

"काही न्हाई," मी म्हणालो. "फणस परत घ्यायला आल्तो."

त्यानं माझ्या ओल्या हाताकडं बघितलं. मंग गोठ्याकडं, गायीपुढच्या रिकाम्या ताटलीकडं बघितलं.  जवळ आला अन् लहान पोराचं पुसावं तसं माझं डोकं पुसायला लागला.